शून्य ते दहा, आत्ता किती?

मला कागद आवडतात, हे आधीच कबूल करून टाकते. भरलेला, सही केलेला, फाइलला नीट टोचलेला कागद पाहिला की माझं डोकं शांत होतं. वॉर्डात माझ्या तोंडाला सगळे घाबरतात आणि त्यातलं निम्मं बोलणं कागदांवरूनच असतं. चार्ट अर्धवट सोडला, वेळ लिहिली नाही, सही राहिली, की मी समोरच्याची खरडपट्टी काढते. माणसं विसरतात, टाळतात, खोटं बोलतात. कागद तसं करत नाही असं मी वर्षानुवर्षं धरून चालले होते.

कतारगामच्या बाजूला एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात मी बायकांच्या सर्जिकल वॉर्डची इन्चार्ज सिस्टर आहे. वडील धुळ्याकडून मिलच्या कामाला सुरतेत आले, मी इथंच वाढले, गुजराती शाळेत शिकले. घरात आई-वडील अहिराणी बोलायचे, ती मला समजते पण माझ्या तोंडात आता नीट बसत नाही. आमच्या हॉस्पिटलातल्या आयाबायकांमध्ये मात्र खानदेशातल्या पुष्कळ. त्यांच्यातली सगळ्यात जुनी होती ती आमच्या तालुक्याची, आमच्याच समाजाची. आयाबाईला इथं सगळे ‘मासी’ म्हणतात. मी तिला मावशी म्हणायचे.

मावशीचं आधार कार्डावरचं वय पंचावन्न होतं. खरं वय तिलाही ठाऊक नव्हतं, पण साठीच्या आतलं नक्कीच नसावं. ती ठेकेदाराकडून लागलेली, अकरा वर्षं माझ्याच वॉर्डात. बेडपॅन देणं-काढणं, पेशंटला कुशीवर वळवणं, चादर बदलणं, स्ट्रेचरवरून उचलून घेणं ही सगळी कामं तिची. वजनदार पेशंट आली की तरुण आया नेमक्या लिफ्टपाशी गायब व्हायच्या आणि मी हाक मारायची ती मावशीलाच. ती कधी नाही म्हणाली नाही. काम झालं की खाटेची दांडी धरून थोडी उभी राहायची, डोळे मिटायची आणि मग पुढच्या खाटेकडे जायची. युनिफॉर्मच्या साडीखाली ती कमरेला जुन्या लुगड्याची पट्टी करकचून बांधायची. सकाळी कपडे बदलायच्या खोलीत दुसऱ्या बाईकडून ती गाठ मारून घेताना मी तिला कितीदा पाहिलं होतं.

मागच्या वर्षी गॉज कापायच्या खोलीतल्या दोन बायका एकदम काम सोडून गेल्या. ती खोली तळमजल्यावर आहे. तिथं बसून गॉजच्या घड्या घालायच्या, कापसाचे बोळे करायचे, पॅड बांधायचे आणि ड्रम भरून निर्जंतुक करायला पाठवायचे. बसायचं काम, वर पंखा, पेशंट नाही. सगळ्या आयांचा त्या दोन जागांवर डोळा होता. प्रत्येक इन्चार्ज आपापल्या बाईचं घोडं पुढं दामटायला लागली आणि मेट्रनबाई वैतागल्या.

त्याच सुमारास ऑफिसनं एक फॉर्म आणला होता. हॉस्पिटलात काम करणाऱ्यांची कार्यक्षमता मोजायची, म्हणजे कोण किती काम पेलू शकतं ते आकड्यात पकडायचं. पहिलाच प्रश्न असा : आयुष्यात तुमची काम करण्याची ताकद जेव्हा सगळ्यात चांगली होती तेव्हा तिला दहा गुण, तर आज तिला किती द्याल? शून्य म्हणजे काम मुळीच जमत नाही. पुढं आजारांची यादी, रजा किती घेतल्या, दोन वर्षांनी हेच काम करू शकाल का, असे बरेच प्रश्न. ऑफिसातल्या एका हुशार माणसानं सुचवलं, वशिला नको, भांडण नको, पहिल्या प्रश्नाचा आकडा ज्यांचा सगळ्यात कमी त्या दोघींना गॉजच्या खोलीत बसवा. फक्त हे त्यांना सांगू नका, नाहीतर सगळ्याच शून्य म्हणतील.

मला ही गोष्ट मनापासून पटली. माझ्या मनात मावशी होती. तिची कंबर गेलेली, पाय ओढत चालायची. पेशंट उचलायला आता जमत नाही असं एकदा जरी कोणाच्या लक्षात आलं असतं तर ठेकेदारानं दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं. ती जागा मिळाली असती तर तिचं काम टिकलं असतं. आणि मी कोणाच्या पाया न पडता, माझा शब्द न टाकता, नुसत्या कागदावर ते होणार होतं. मी अगदी खुशीत होते, खोटं कशाला बोलू.

मराठी बायकांचे फॉर्म भरून घ्यायचं काम साहजिकच माझ्याकडे आलं. अकरा जणी होत्या. बहुतेकींना वाचता येत नव्हतं, ज्यांना येत होतं त्यांना ते छापील गुजराती कळत नव्हतं. दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी वॉर्डातल्या ड्युटी रूममध्ये बसले आणि एकेकीला आत बोलावलं. पहिल्या दोघींना मी प्रश्न शब्दशः वाचून दाखवला, मग मराठीत समजावला. ‘आयुष्यात सगळ्यात चांगली ताकद’ म्हटल्यावर एक जण लग्नाआधी विहिरीवरून किती हंडे आणायची ते सांगत बसली. दुसरी रडायला लागली. घड्याळ पुढं सरकत होतं, बाहेर दोन पेशंट ऑपरेशनहून परत यायच्या होत्या. तिसरीपासून मी प्रश्न आटोपशीर केला. पेन धरून म्हणायची, ‘‘शून्य ते दहा. आत्ता किती?’’

आता जिथं मी बसले होते त्या खोलीबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे राउंडला प्रत्येक पेशंटला दुखणं विचारतात. शून्य ते दहा, आत्ता किती? शून्य म्हणजे काही दुखत नाही, दहा म्हणजे सहन होत नाही. दिवसातून चार वेळा, प्रत्येक खाटेपाशी, हेच शब्द. ज्यांना आकडा सांगता येत नाही त्यांच्यासाठी हसऱ्यापासून रडक्यापर्यंत सहा तोंडं काढलेला तक्ता असतो. तसाच एक तक्ता ड्युटी रूमच्या भिंतीवर, माझ्या डोक्याच्या मागे होता. आयांनी हे शब्द माझ्याच तोंडून हजारदा ऐकलेले. पेशंट बोलत नसेल तर त्याच आम्हाला सांगायच्या, ‘‘सिस्टर, सहा म्हणते.’’

मला त्या वेळी यातलं काहीही सुचलं नाही.

तिशीची एक धडधाकट बाई आली. दोन्ही हातांनी भरलेला ऑक्सिजन सिलिंडर तिरका करून गोल फिरवत नेणारी. विचारलं तर म्हणाली, ‘‘एक.’’

‘‘एक?’’ माझा पारा चढला. ‘‘जनाची नाही तर मनाची तरी ठेव. दहापैकी एक?’’

ती बिचारी गोंधळली. ‘‘मग शून्य लिहा, सिस्टर. मला वाटलं थोडं तरी सांगावं.’’

मी ‘एक’ लिहिलं आणि तिला कामचोर म्हणाले. तोंडावर म्हणाले. ती मान खाली घालून निघून गेली.

मावशी शेवटी आली. उभी राहिली, बसली नाही, कारण बसलं की उठायला वेळ लागायचा. मी विचारलं. तिनं माझ्या डोक्यामागे भिंतीकडे पाहिलं, थोडा विचार केला आणि म्हणाली, ‘‘नऊ.’’

माझा हात थांबला. ‘‘नक्की नऊ, मावशी? नीट विचार करून सांग.’’

तिला वाटलं मी तिला पकडलं. ओशाळून म्हणाली, ‘‘जास्त व्हयनं का माय? मंग आठ लिख. लोके म्हनतीन, म्हातारी उगाच वाढाईसन सांगस.’’

मला काय वाटलं ते सांगते. मला वाटलं, ही घाबरली आहे. काम जाईल म्हणून ताकद फुगवून सांगते आहे आणि मी विचारल्यावर एक पायरी खाली उतरली आहे. मला तिची दया आली, रागही आला. तुझ्याच भल्यासाठी चाललं आहे गं बाई, असं ओरडून सांगावंसं वाटलं. पण सांगायचं नाही असं ठरलेलं होतं आणि मी ठरलेलं मोडत नाही. वर असंही वाटलं की ती स्वतःचा मान राखते आहे तर आपण कोण तिला खोटं पाडणार? मी आठ लिहिलं.

पुढचे प्रश्न विचारायला वेळ नव्हता. दोन वर्षांनी हे काम करू शकाल का, एवढं मात्र विचारलं. ती म्हणाली, ‘‘ते ठेकेदारले ईचार.’’ मी हसले. बाकीच्या चौकटींत मीच खुणा केल्या, आठला शोभतील अशा. आजार नाही, रजा नाही, उत्साह चांगला. खाली तिचा अंगठा घेतला आणि शेजारी माझी सही केली.

पंधरा दिवसांनी यादी लागली. गॉजच्या खोलीत ती सिलिंडर फिरवणारी आणि तिच्यासारखीच आणखी एक. ऑफिसची हुशारी इथंच थांबली नव्हती. ज्यांचे आकडे मोठे त्यांना जड वॉर्ड द्यायचे असंही त्यांनी ठरवलं होतं. मावशीचं नाव वरून दुसरं होतं. तिची बदली वरच्या मजल्यावर पुरुषांच्या हाडांच्या वॉर्डात झाली. हजीरा, इच्छापोरच्या कारखान्यांतून पडलेली, चिरडलेली माणसं तिथं येतात. मांडीला वजनं टांगून महिना महिना पडून असतात. माझ्याकडे ऑर्डर सहीला आली. मी मेट्रनबाईंना म्हणाले, तिला झेपणार नाही. त्या म्हणाल्या, ‘‘फॉर्म तर तूच भरलास.’’ त्यांचं बरोबर होतं. मी सही केली.

बदलीचं कळल्यावर मावशी कपाटातला आपला डबा, कंगवा आणि पट्टीचं गाठोडं घेऊन वर गेली. मधून जिन्यात भेटायची. कशी आहेस विचारलं तर म्हणायची, ‘‘बरं शे.’’ एकदा नुसतं म्हणाली, ‘‘आठे मानसे लई जड शेत वं.’’ इथली माणसं फार जड आहेत, असं. मी म्हणाले, बघते काहीतरी. पाहिलं काहीच नाही.

दोन महिनेही झाले नव्हते. सकाळी अकराच्या सुमारास वरून फोन आला, तुमची मासी पडली. मी धावत गेले. तिच्या जोडीची आया पेशंट घेऊन एक्स-रेला गेलेली. मांडी मोडलेल्या एका धिप्पाड कामगाराला बेडपॅन हवं होतं, त्याची बायको त्याच्यापेक्षा घाबरलेली. मावशीनं एकटीनं त्याला उचलायला हात घातला. तो कळ लागून आखडला आणि त्याचा सगळा भार तिच्या अंगावर आला. मी पोचले तेव्हा ती खाटेला टेकून जमिनीवर बसली होती. चेहरा पांढराफटक, ओठ दातांखाली. उजवं पाऊल उचल म्हटलं तर तिनं पावलाकडे पाहिलं. पाऊल हललं नाही.

आम्ही तिला फळीवर घेतलं. डॉक्टरांना कळवलं. इंजेक्शन भरता भरता मी सवयीनं विचारलं, ‘‘मावशी, शून्य ते दहा, आत्ता किती?’’

ती दात आवळत म्हणाली, ‘‘आते दहा. त्या दिवसले नऊ व्हतं. तुले सांगं व्हतं ना मी. तूच म्हने नक्की का, म्हनीसन आठ करं.’’

मी इंजेक्शन दिलं. सव्वीस वर्षांच्या सवयीनं हातानं आपलं काम केलं. मग मी जिना उतरून माझ्या वॉर्डात आले आणि ड्युटी रूममधल्या त्या तक्त्यापुढे उभी राहिले.

संध्याकाळी ऑफिसात जाऊन मी ते अकरा फॉर्म पुन्हा काढायला लावले. पहिल्या दोघींचे सोडले तर ज्या ज्या आयांनी सर्जिकल वॉर्डात वर्षं काढली होती त्या सगळ्यांचे आकडे उलटे होते. जिचे गुडघे गेलेले तिचे सात. जी पळत जिने चढते तिचे दोन. एकीलाही मी विचारलं नव्हतं की हे तू कशाबद्दल सांगतेस. त्यांनी सगळ्यांनी आपलं दुखणं खरं सांगितलं होतं. अगदी तंतोतंत, पेशंटनं सांगावं तसं. त्यातल्या त्यात मावशीनं एक कमीच सांगितलं, तेही मी भुवया उंचावल्या म्हणून.

ऑफिसातला माणूस तसा वाईट नव्हता. हळहळला. पण म्हणाला, ‘‘बेन, रिपोर्ट तो मोकलाई गयो.’’ अहवाल गेला होता. त्यात आमच्या आयांची कार्यक्षमता एकूण समाधानकारक असल्याचं लिहिलेलं होतं. मी म्हणाले, चूक झाली आहे असं लेखी देते. मेट्रनबाईंनी मला बाजूला घेतलं. ‘‘दे लिहून. पण प्रत्येक फॉर्मवर सही कोणाची आहे, ते आधी आठव. आणि बाकीच्या चौकटी कोणी भरल्या असं विचारलं तर काय सांगशील?’’

मी घरी जाऊन पत्र लिहिलं. प्रश्न समजण्यात काही कर्मचाऱ्यांची गफलत झाली, असं त्यात लिहिलं. कर्मचाऱ्यांची. ते पत्र फाइलला लागलं आहे, कोणालाही पाहता येईल. स्वच्छ अक्षर आहे माझं.

मावशीचं ऑपरेशन झालं, आमच्याच हॉस्पिटलनं केलं, त्यात कसूर ठेवली नाही. पण पावलातली ताकद परत आली नाही. पंधरा-वीस मिनिटांपलीकडे बसताही येईना, म्हणजे गॉजची खोलीही गेली. ठेकेदारानं तिच्या जागी दुसरी बाई पाठवली. त्या धडधाकट बाईला मी गॉजच्या खोलीतून परत वर आणवलं, तिला कामचोर म्हटल्याबद्दल काही बोलले नाही, आणि ती जागा जिचे गुडघे गेले होते तिला मिळवून दिली. एवढं केलं. एवढंच करता आलं.

महिन्यानं मी मावशीच्या घरी गेले. सुरतेच्याच उधना भागात, एका खोलीचं घर, सुनेचा शिवणाच्या मशिनचा आवाज. मावशी खाली गोधडीवर पडलेली, गुडघ्याखाली उशी. मला पाहून तिला खरोखर आनंद झाला. सुनेला चहा टाकायला लावला. वॉर्डात कोण आहे, नवी मेट्रन येणार का, अमकीची सून बाळंत झाली का, सगळं विचारलं. मी मनाशी ठरवून गेले होते. चहा अर्धा झाल्यावर सांगून टाकलं.

सगळं सांगितलं. फॉर्म कशाचा होता, दहा म्हणजे काय होतं, बसायची जागा कोणाला द्यायची होती, कमी आकडा सांगितला असता तर ती तिचीच होती. मी प्रश्न कसा तोडला, बाकीच्या खुणा कशा केल्या. पत्रात काय लिहिलं तेही सांगितलं. बोलताना मी रडले, आणि रडताना मला आतून हेही कळत होतं की ही आता माझी समजूत घालेल. जाऊ दे माय, तुनी काय चूक, असं म्हणेल. मी त्यासाठीच गेले होते.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मशिनचा आवाज थांबला होता, सूनही ऐकत असावी. मावशी छताकडे बघत म्हणाली, ‘‘कागदनं जाऊ दे. अकरा वरीस मी तुना वॉर्डमा व्हती. तुले दिखे नही का?’’

सांगण्यासारखं पुष्कळ होतं, गर्दी, नियम, ठेकेदार, मेट्रन. पण तिनं फॉर्मचं विचारलंच नव्हतं. कमरेची पट्टी मी पाहिली होती. खाटेची दांडी धरून मिटलेले डोळे पाहिले होते. प्रत्येक वेळी पाहिलं होतं आणि पुढची जड पेशंट आली की पुन्हा तिलाच हाक मारली होती, कारण बाकीच्या कुरकुर करायच्या आणि ती करायची नाही. तिला कधी स्वतःहून विचारलं असतं तर तिला हलकं काम द्यावं लागलं असतं, आणि मग माझा वॉर्ड कोणी उचलला असता?

‘‘दिसत होतं, मावशी,’’ मी म्हणाले.

तिनं मान हलवली, हिशोब जुळल्यासारखी. मग हातानं जमीन धरून, कण्हत, ती माझ्याकडे पाठ करून कुशीवर वळली. मी मदतीला हात पुढे केला तर म्हणाली, ‘‘ऱ्हाऊ दे. मी करसू.’’

सुनेनं कप उचलून नेला. मी चपला घातल्या. मावशी झोपली नव्हती, हे मला श्वासावरून कळत होतं.